थांबलेली पेशी

या बशीत, गुलाबी द्रवाखाली, उंदराच्या स्नायूतल्या कोवळ्या पेशी वाढताहेत. तापमान 37 अंश. एकीच्या दोन, दोनाच्या चार.

आता द्रव बदललाय, त्यातलं सीरम, म्हणजे पेशींना वाढायला लावणारा रक्तातला पातळ भाग, 2 टक्क्यांवर आणलंय. विभाजन थांबत आलं. पेशी लांबट होतात, एकमेकींना समांतर लागतात... आणि इथे बघा, दोघींमधला पडदाच गेला. तिसरीही येऊन मिळाली. चार-पाच दिवसांत अनेक केंद्रकांचा एकच लांब तंतू. तो पाहा, आकसला!

हा तंतू आता पुन्हा विभागणार नाही. त्याला रोखून धरतं आरबी नावाचं प्रथिन. हे नाव लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगावरून आलं. जनुक हाती लागलं 1986 मध्ये. पेशीला विभाजनाकडे ढकलणाऱ्या ई-टू-एफ प्रथिनांना आरबी धरून बसतं, म्हणून डीएनएची नवी प्रत निघत नाही. गाठ अडवणारं प्रथिन एवढीच त्याची ओळख आपण करून देतो. पण आरबी नसलेल्या स्नायुतंतूंना पुन्हा सीरम दिलं, तेव्हा त्यांची केंद्रकं डीएनएच्या प्रती काढू लागली. स्नायूला स्नायू म्हणून टिकवणारंही तेच आहे.

आणि हा न्यूट, तुटलेला पाय पुन्हा उगवणारा छोटा उभयचर प्राणी. पाय तुटल्या जागी आधी गोळा, मग बोटांचे कोंब. 1997 मध्ये लंडनमध्ये एली तानाका आणि जेरेमी ब्रॉक्स यांच्या गटाने दाखवलं, की सीरम मिळताच न्यूटच्या स्नायुतंतूंत आरबीवर फॉस्फेट चढतं आणि त्याची पकड सुटते. उंदराचा तंतू त्याच सीरमला दाद देत नाही. इतक्या लहान प्राण्याच्या पेशी बशीत जगवत बसणाऱ्यांमुळे हा फरक कळला, हे आवर्जून सांगायला हवं.

उंदरात विभाजन अडवणारा आणखी एक पहारेकरी आहे, एआरएफ नावाचं प्रथिन. न्यूटकडे तो नाही. 2010 मध्ये स्टॅनफर्डला हेलन ब्लाऊ यांच्या प्रयोगशाळेने आरबी आणि एआरएफ, दोन्ही थोड्याच काळासाठी दाबले. तंतूंतून पुन्हा सुट्या, विभागणाऱ्या पेशी मिळाल्या. उंदरात सोडल्यावर त्या तिथल्या स्नायूत मिसळल्या.

हे दोन्ही पहारे कायमचे उठले तर गाठींचा धोका. माणसासाठी हा उपचार अजून नाही.

न्यूटचा तोच पाय, काही आठवड्यांनंतर. बोटं हलताहेत.