कॅटॅलिस्ट म्हणे 'भाग घेत नाही'! मग गेरहार्ड एर्टल आयुष्यभर बघत काय बसले?

नमस्कार मंडळी! युरियाच्या व्हिडिओखाली तुम्ही "सर एर्टलवर करा, एर्टलवर करा" असा जो धोशा लावलाय ना, तर घ्या, आज एर्टल, म्हणजे कॅटॅलिस्ट (मराठीत उत्प्रेरक, रासायनिक अभिक्रिया वेगात घडवणारा पदार्थ) नेमकं काय करतो ते शोधणारे शास्त्रज्ञ.

बेसिक पटकन उरकतो. गेरहार्ड एर्टल, जर्मन, जन्म 1936, स्टुटगार्टचे. हॅनोव्हर, म्युनिक, मग 1986 ते 2004 बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर इन्स्टिट्यूटमध्ये डायरेक्टर. 2007 चं केमिस्ट्रीचं नोबेल एकट्यांना, आणि बातमी आली ती त्यांच्या 71 व्या वाढदिवशी! झालं बेसिक.

एकाने विचारलंय, "त्यांचा एच-इंडेक्स (शोधनिबंधांचा इतरांनी किती उल्लेख केला त्यावरून काढलेला आकडा) किती?" अरे बाबा, मुलगी बघायला आलायस का? माणूस कुठल्या प्रश्नावर अडून बसला ते विचार की.

तर प्रश्न असा होता. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन लोखंडावर (हाच इथला कॅटॅलिस्ट) गरम करून, दाबाखाली अमोनिया बनवायचा, हे हाबर आणि बॉश यांचं काम, कारखाना 1913 पासून चालू, आपल्या अलिबागजवळच्या थळचा युरिया पण याच अमोनियातून येतो. पण लोखंडावर नेमकं घडतं काय, नायट्रोजनच्या दोन अणूंची जोडी आधी फुटते की न फुटताच हायड्रोजन चिकटवून घेते, यावर साठ वर्षं नुसते वाद. कारखाना जोरात चालू आणि आत काय चाललंय ते कुणालाच पक्कं माहीत नाही!

आता माझं डोकं फिरतं ते इथे. शाळेत, क्लासमध्ये पाठ करून घेतात, "उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेत नाही". मी स्वतः हे लिहून मार्क मिळवलेत, लाज वाटते. शेवटी तो आहे तसा परत मिळतो, एवढंच खरंय हो. लग्नात भाड्याची भांडी आणतो, दुसऱ्या दिवशी मोजून परत देतो, म्हणून काय त्यात स्वयंपाकच झाला नाही म्हणायचं का?

एर्टलनी काय केलं, तर कारखान्यातली लोखंडाची भुकटी बाजूला ठेवली, लोखंडाचा एकच स्वच्छ स्फटिक घेतला, तो जबरदस्त व्हॅक्यूममध्ये ठेवला आणि त्यावर बसलेले नायट्रोजनचे अणू मोजले. हायड्रोजन वाढवला की हे सुटे अणू कमी होत गेले. म्हणजे हायड्रोजन यांनाच उचलतोय, म्हणजे नायट्रोजन आधी फुटतो, आणि फुटतो तो लोखंडाला चिकटूनच! स्वच्छ लोखंडावर दहा लाख रेणू आपटले तर जेमतेम एखादा फुटतो, सगळी गाडी तिथेच अडते. आता सांगा, लोखंडाने भाग घेतला की नाही?

अजून पटत नसेल तर हे बघा. तोच लोखंडाचा स्फटिक एका दिशेने कापला तर नायट्रोजन पटापट फोडतो, दुसऱ्या दिशेने कापला तर ढिम्म. नुसता "हजर" असता तर कापण्याने काय फरक पडला असता?

आणि तिसरं तर भारीच. प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड जाळतात, गाडीच्या सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये होतं तेच. कार्बन मोनॉक्साइड बसला की प्लॅटिनमचे वरचे अणू जागा बदलतात, त्यामुळे ऑक्सिजनला चिकटायला सोपं जातं, तो येऊन कार्बन मोनॉक्साइड संपवतो, की अणू परत जुन्या जागी, की पुन्हा तेच. ही उलटापालट लाटांसारखी पसरते, आणि एर्टलच्या टीमने या लाटा मायक्रोस्कोपखाली टिपल्यात, चक्क गोल गोल भोवरे फिरताना दिसतात. कॅटॅलिस्ट स्वतः उठबशा काढतोय आणि आपण लिहितोय भाग घेत नाही!

एक ताई लिहितात, "मुलाने पेपरात 'उत्प्रेरक भाग घेतो' असं लिहिलं तर मार्क जातील हो." ताई, पेपरात पुस्तकातलंच लिहू दे, पण घरी त्याला भांड्यांचं सांगा.

जाता जाता, "अमोनियाच्या कारखान्यात लोखंडात पोटॅशियम कशाला घालतात" हा प्रश्न चार जणांनी विचारलाय. पोटॅशियम लोखंडाला इलेक्ट्रॉन पुरवतं, मग लोखंड नायट्रोजनला घट्ट धरतं आणि तो लवकर फुटतो. हे पण एर्टलनीच तपासलं होतं. आणि हो, ज्या हाबरच्या नावाच्या संस्थेत ते डायरेक्टर झाले, तो म्हणजे अमोनियावालाच हाबर, दुसरा कुणी नाही, हे पण चार जणांनी विचारलं होतं. चला, भेटू.