बदामाचं नाव, दुधाचं काम

कोल्हापूर, गंगावेस. संध्याकाळची वेळ, दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहिल्यात आणि गिऱ्हाईकासमोरच धार काढणं चाललंय. ग्लास हातात येतो तेव्हा दूध अजून कोमट असतं आणि वर बोटभर फेस. पिणाऱ्यांत आजोबा आहेत, कॉलेजची पोरं आहेत आणि कान मोडलेला एखादा पैलवान असतोच.

याच शहरात शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभं केलं, १९१२ साली ते सुरू झालं, त्यामुळे इथं खुराक हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पहाटे जोर, बैठका, मातीतली लढत आणि मग थंडाई. दगडी कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप घालून लाकडी दांड्यानं घोटत बसायचं, आणि हे घोटणं पण एक व्यायामच म्हणा. पैलवानाची ताकद कशात, तर बदामात, असं कुणीही सांगेल.

आता जरा हिशोब करू. पन्नास बदाम म्हणजे साधारण ६० ग्रॅम, आणि त्यात प्रोटीन किती, तर १२ ग्रॅम. दोन अंडी झाली! तोच गडी दिवसात दोन लिटर म्हशीचं दूध पीत असेल तर तिथून ७० ते ७५ ग्रॅम येतं. म्हणजे नाव बदामाचं आणि काम दुधाचं.

पण लागतं किती? २०१८ मध्ये ४९ प्रयोगांचा एकत्र अभ्यास झाला, १८०० हून जास्त माणसं होती त्यात, सगळी वजनं उचलणारी. उत्तर आलं, शरीराच्या वजनाच्या दर किलोला दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन. त्याच्या वर गेलं की सरासरी फायदा थांबतो, एखाद्याला २.२ पर्यंत उपयोग होऊ शकतो, बाकीचं शरीर जाळून टाकतं. ८० किलोच्या पैलवानाला हे १२८ ग्रॅम होतात. दूध, पावशेर मटण, चपात्या, डाळ धरली की तो कधीच पार गेलेला असतो, आणि तेही ॲपमध्ये काहीएक न लिहिता.

अडचण आपली आहे. ६० किलोचा पोरगा नुकताच जिमला लागलाय, त्याला ९६ ग्रॅम हवेत. घरात काय, दोन भाकरी, वाटीभर आमटी, भाजी, एका जेवणात फार तर १८ ग्रॅम, सकाळचे पोहे आणि दोन चहा धरून दिवसाचे ४५ होतात कसेबसे. साध्या माणसाला आयसीएमआर, म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, किलोला ०.८३ सांगते, म्हणजे ५०, तेवढ्यालाही थोडं कमीच. उरलेल्या पन्नाससाठी लोक थेट प्रोटीन पावडरच्या डब्याकडे धावतात. तीन अंडी १८, अर्धा लिटर म्हशीचं दूध १८, तीस ग्रॅम सोयाबीन वडी १५, झालं की! पावडर वाईट नाही हो, व्हे म्हणजे दुधाचंच पाणी, पनीर करताना भांड्यात उरतं ना तसलं. फक्त महाग पडतं. हां, किडनीचा त्रास असेल तर हे सगळं डॉक्टरला विचारूनच.

आणि एका वेळी ३० ग्रॅमच प्रोटीन पचतं असं लोक म्हणतात, त्याचं काय? २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्टमध्ये व्यायामानंतर पोरांना एकदम १०० ग्रॅम दुधाचं प्रोटीन पाजलं, तर २५ ग्रॅमवाल्यांपेक्षा स्नायूंची बांधणी जास्त झाली आणि बारा तासांनंतरही चालूच होती. म्हणजे लढत झाल्यावर तांब्या तोंडाला लावून एका दमात रिकामा करणारा पैलवान काही चुकत नव्हता.

कट्ट्यावर आता अंधार पडलाय. दुसरी म्हैस पुढं आणलीय, कासेवर पाणी मारलंय, आणि मघाचा तो पैलवान अजून तिथंच, रिकामा ग्लास पुढं धरून.