घरातली पहिली मतदार

(कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातल्या मराठी मंडळींसमोर कोजागिरीच्या संध्याकाळी केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. मसाला दूध उकळतंय, तोवर मला वीस मिनिटं दिली आहेत. विषय तुम्हाला ठाऊक आहे. कॅलिफोर्नियात हायस्कूल पूर्ण करायचं तर गव्हर्नमेंटचं एक आणि इकॉनॉमिक्सचं एक सेमिस्टर सक्तीचं असतं. ती सक्ती टिकावी, असं मला का वाटतं ते सांगायचंय. पण आधी एका बिलाची गोष्ट.

कोजागिरीच्या आगेमागेच काउंटीकडून, म्हणजे आपल्या जिल्ह्याकडून, प्रॉपर्टी टॅक्सचं बिल येतं. घर असलेल्या प्रत्येकाला तो लिफाफा माहीत आहे. पहिला हप्ता १० डिसेंबरपर्यंत, दुसरा १० एप्रिलपर्यंत. मी वर्षानुवर्षं फक्त शेवटचा आकडा बघायचो, पैसे भरायचो आणि कागद फाइलला लावायचो. मुलगी बारावीत गेली त्या वर्षी तिने तो माझ्या हातातून घेतला, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि पेन्सिलीने खुणा करत एकेक ओळ वाचायला लागली. वर एक टक्क्याचा मूळ कर. खाली शाळेचे बाँड, कम्युनिटी कॉलेजचे बाँड, म्हणजे त्यांच्यासाठी काढलेल्या कर्जाची फेड. आणि अगदी तळाशी डास निर्मूलनाचे थोडे डॉलर. "बाबा, हे डासांचे पैसे कोणी ठरवले?" मला सांगता येईना. इतकी वर्षं भरत होतो मी ते!

मग तिचा पुढचा प्रश्न, शेजारच्या आजींना किती येतं? दोन्ही घरं एकाच बिल्डरची, एकाच नकाशाची, स्वयंपाकघराच्या खिडक्यासुद्धा समोरासमोर. ती बिल घेऊन थेट त्यांच्याकडे गेली. आजींनी खणातून आपलं काढलं. आमच्या चौथाईसुद्धा नव्हतं. पोरगी तापलीच. अन्याय आहे म्हणाली, त्यांच्या तोंडावर. आजींनी तिला बसवून घेतलं आणि १९७८ ची हकिगत सांगितली. घरांच्या किमती चढत होत्या, त्यांच्याबरोबर टॅक्स चढत होता, मिळकत मात्र होती तिथेच. टॅक्सपायी घर विकावं लागेल या धास्तीत म्हातारी माणसं होती. त्या जूनमध्ये लोकांनी मतदानाने प्रोपोझिशन १३ हा कायदा मंजूर केला. कर नोंदलेल्या किमतीच्या १ टक्का, आणि ती नोंद वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढणार. घर विकलं गेलं की मात्र नवी नोंद, बाजारभावाने. "तो कायदा नसता तर मी आज या खुर्चीत नसते," असं आजी म्हणाल्या. त्या रात्री मुलगी जेवताना गप्प होती.

गव्हर्नमेंटच्या वर्गात तिला समजलं की असा कायदा लोक थेट मतदानाने करू शकतात, आणि बदलूही शकतात. पुढच्या सेमिस्टरला इकॉनॉमिक्सच्या वर्गात उरलेलं समजलं. ज्यांचा कर कमी ते घर सोडायला तयार नसतात, बाजारात घरं येत नाहीत, नव्याने घेणाऱ्यावर भार पडतो. शाळांच्या पैशाची दोरीही गावाच्या हातून राज्याच्या राजधानीकडे, सॅक्रामेंटोकडे जाते. कागद एकच, पण अर्धा एका वर्गात उलगडला, अर्धा दुसऱ्या.

हे मी इतकं लांबवून सांगतोय, कारण मला आणि तिच्या आईला मत नाही. आम्ही अजून ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत, तुमच्यातले कित्येक जण आहेत. ती इथे जन्मली. अठरा पूर्ण झाली आणि त्या नोव्हेंबरात आमच्या घरातली पहिली मतदार झाली. मतपत्रिकेवर शाळेचा बाँड होता. तो मंजूर व्हायला ५५ टक्के मतं लागतात आणि झाला तर आपल्या बिलात एक ओळ वाढणार, हे तिने आम्हाला समजावलं. घरात दुसरं कोण सांगणार होतं?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर भराभर सांगतो.

२०२४ साली राज्याने पर्सनल फायनान्सचं सेमिस्टर आणलं. २०२७-२८ पासून शाळांना ते शिकवावं लागेल आणि २०३१ च्या तुकडीपासून ते सक्तीचं आहे. चांगलं आहे. क्रेडिट कार्डाचं व्याज कळायलाच हवं. पण ते घेणाऱ्या मुलाला इकॉनॉमिक्स सोडायची मुभा आहे, आणि माझं दुखणं तिथे आहे. स्वतःचं पाकीट सांभाळता आलं म्हणून शेजारच्या आजींचं बिल आपल्यापेक्षा कमी का, ते कळत नाही.

दुसरं आपल्याबद्दल. एपीला, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयांना, जागा हवी म्हणून आपण हे दोन्ही विषय उन्हाळ्यात ऑनलाइन उरकायला लावतो. कृपा करून लावू नका. वर्गात तीस घरची तीस बिलं असतात, भांडणं होतात, तिथेच हे शिकलं जातं. बर्कली आणि ओकलंडमध्ये २०२४ पासून सोळा वर्षांची मुलं शाळा मंडळासाठी मत देतात. इतक्या लवकर मत हाती येत असेल, तर हे विषय शेवटच्या वर्षाच्याही आधी हवेत.

मंगळवारी संध्याकाळी शाळा मंडळाची सभा आहे. वेळापत्रकात दोन्ही विषयांना जागा ठेवा आणि मुलांना इकॉनॉमिक्स सोडायचा सल्ला देऊ नका, एवढंच मी तिथे मागणार आहे. तिथे बोलायला नागरिक असावं लागत नाही. मी साडेसहाला निघतोय, गाडीत चार जागा आहेत.