फुरशाच्या विषावर नवी अँटिबॉडी हवी

(दृश्य: रत्नागिरीजवळचा सडा, वाळत आलेलं गवत)

हा जांभ्याचा सडा, म्हणजे कोकणातलं खडकाळ पठार. इथला एखादा सैल दगड उलटला की खाली फुरसं असू शकतं. जेमतेम हातभर लांब, पण डिवचलं की वेटोळं करून खवले एकमेकांवर घासतं, खरखर आवाज येतो, आणि मग कधी झेप घेऊन चावतं ते कळत पण नाही. पान लागतं ते बहुतेक गवत काढणाऱ्यांना, बागेत राबणाऱ्यांना, अनवाणी फिरणाऱ्यांना.

(दृश्य: ग्रामीण रुग्णालय, काचेची नळी)

आता ही नळी बघा. पेशंटचं 2 मिली रक्त, स्वच्छ कोरडी काच, 20 मिनिटं अजिबात हलवायचं नाही आणि मग तिरकी करायची. रक्त गोठलं नाही, पाण्यासारखं वाहिलं, म्हणजे विषाने रक्त गोठवणारी प्रथिनं संपवलीत, अँटिव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, लगेच सुरू.

हे अँटिव्हेनम अजून घोड्याच्या रक्तातूनच येतं, 1890च्या दशकात निघालेली पद्धत. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात अँटिबॉडी, म्हणजे विषाला धरून निकामी करणारी प्रथिनं, तयार होतात, त्या काढून घ्यायच्या, पेप्सिन नावाच्या एन्झाइमने त्यांचं शेपूट कापायचं म्हणजे रिअ‍ॅक्शन कमी येते. याने आजवर असंख्य जीव वाचलेत आणि आजही साप चावला तर हाच उपाय, हे स्पष्ट सांगते. पण घोड्याला बाकी शंभर इन्फेक्शन झालेली असतात, त्यामुळे बाटलीतल्या बऱ्याचशा अँटिबॉडींचा विषाशी काही संबंधच नसतो. त्यात परकं प्रथिन, कुणाच्या अंगावर पित्त उठतं, कुणाचं बीपी पडतं, म्हणून अ‍ॅड्रिनलिन भरून शेजारी ठेवावं लागतं. आणि आपल्याकडचं औषध चारच सापांसाठी आहे: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. सह्याद्रीतल्या चापड्यासाठी ते नाही.

(दृश्य: प्रयोगशाळा)

1975 मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची अँटिबॉडी हवी तेवढी बनवायची युक्ती शोधली, पण ती उंदराची होती, म्हणजे माणसाला परकीच. पुढे जॉर्ज स्मिथ आणि ग्रेग विंटर यांच्या कामातून फेज डिस्प्ले आलं, 2018 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यालाच. जिवाणूंना लागणाऱ्या व्हायरसच्या अंगावर माणसाच्या अँटिबॉडीचे तुकडे चढवायचे, प्रत्येकावर वेगळा, आणि समोर हवं ते प्रथिन गळासारखं टाकायचं. चिकटले ते ठेवायचे, बाकी धुवून टाकायचे, मग पुन्हा तेच. शेवटी हातात येते घट्ट धरणारी, माणसाचीच अँटिबॉडी. संधिवातावरचं अडालिमुमॅब याच वाटेने आलं, अमेरिकेत 2002 मध्ये मंजूर झालं.

मग सापासाठी एवढा उशीर का? मला विचाराल तर कारण पैसा. संधिवाताचं महागडं इंजेक्शन घेणारा पेशंट जगभर आहे, सर्पदंशाचा पेशंट मजुरीवर जगतो. डब्ल्यूएचओने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं तेच मुळी 2017 मध्ये.

तरी काम सुरू झालंय. 2024 मध्ये कॅलिफोर्नियाची स्क्रिप्स आणि बंगळुरूची आयआयएससी या संशोधन संस्थांनी मिळून 95मॅट5 नावाची अँटिबॉडी मांडली, यीस्टच्या पेशींवर चढवलेल्या मानवी अँटिबॉडींमधून निवडलेली. नाग, मण्यार, ब्लॅक माम्बा यांच्या कुळातल्या सापांत जे एका घराण्याचं न्यूरोटॉक्सिन, म्हणजे नसांवर जाणारं विष, असतं त्याला ती धरते, आणि उंदरांना तिने ब्लॅक माम्बाच्या विषातूनही वाचवलं. माणसांवर वापरायला अजून वेळ आहे.

पण फुरशाचं काय? त्याचं विष नसांवर नाही, रक्तावर जातं, त्यात मेटॅलोप्रोटिनेज नावाची, प्रथिनं तोडणारी एन्झाइम आहेत आणि ती पण अनेक प्रकारची, म्हणजे एका अँटिबॉडीने भागणार नाही, तीन-चार एकत्र कराव्या लागतील. शिवाय एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं, आणि देशातल्या अँटिव्हेनमसाठी लागणारं बरंचसं विष तमिळनाडूच्या, साप पकडणाऱ्या इरुला आदिवासींच्या सोसायटीकडून येतं. म्हणून नव्या अँटिबॉडी निवडताना गळाला कोकणातल्या फुरशाचं विषही लावलं पाहिजे, आणि ते आत्ताच, निवड चालू आहे तेव्हाच.