मित्र गमावण्याची भीती आणि १९१४ चा जुलै

मित्रहो, पहिले महायुद्ध का पेटले, या प्रश्नाला एक ठरलेले उत्तर मिळते: राष्ट्रे तहांनी एकमेकांना बांधलेली होती, म्हणून एकापाठोपाठ एक ओढली गेली. मला हे उत्तर अपुरे वाटते. इटलीचेच पाहा. १८८२ पासून ती जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्या गटात होती. परंतु हा करार बचावापुरता आहे आणि येथे चढाई ऑस्ट्रियाने केली आहे, अशी भूमिका घेऊन ऑगस्ट १९१४ मध्ये ती तटस्थ राहिली. उलट, फ्रान्ससाठी लढलेच पाहिजे असे बंधन दोघांमधील १९०४ च्या समझोत्यात कोठेही नसताना ब्रिटन युद्धात उतरले. कराराच्या मजकुरापेक्षा एकटे पडण्याची धास्ती राष्ट्रांना अधिक फरफटत नेते, असे माझे मत आहे.

५ जुलैचा पॉट्सडॅममधील प्रसंग डोळ्यांसमोर आणा. साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या होऊन आठवडा झाला होता, आणि ऑस्ट्रिया त्याचा दोष सर्बियाला देत होता. ऑस्ट्रियाचे राजदूत आपल्या सम्राटाचे पत्र घेऊन जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म यांच्याकडे भोजनास गेले आणि रशिया मध्ये पडला तरी जर्मनी पाठीशी राहील, असा शब्द घेऊन परतले. दुसऱ्या दिवशी चॅन्सेलर बेथमान-होलवेग यांनी त्यास दुजोरा दिला आणि कैसर नॉर्वेकडे जलपर्यटनास निघाले. बाल्कन युद्धांच्या काळात हीच जर्मनी व्हिएन्नाला, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सरकारला, आवरत होती. आता मात्र हा एकमेव भरवशाचा मित्र खचला तर आपले कोण, या काळजीने तिने लगाम सोडून दिला. मित्राला वेळेवर आवरणे हेही मैत्रीचेच काम असते, आणि नेमके तेच त्या महिन्यात कोणी केले नाही. ऑस्ट्रियाने बोस्निया आपल्या राज्याला जोडला तेव्हा, १९०९ मध्ये, त्या प्रश्नावर माघार घ्यावी लागलेल्या रशियाला सर्बियाला पुन्हा वाऱ्यावर सोडवेना, आणि फ्रान्सला रशिया गमावणे परवडणारे नव्हते.

या भीतीला रेल्वेच्या वेळापत्रकाची जोड मिळाली होती. १८९४ च्या फ्रान्स-रशिया करारामुळे दोन आघाड्यांवर लढावे लागणार, हे जर्मन सेनानींनी गृहीत धरले आणि रशियाची जमवाजमव पुरी होण्याआधी फ्रान्सला नमवण्याची योजना आखली. त्यामुळे रशियाने सैन्य गोळा करणे म्हणजेच जर्मनीच्या दृष्टीने युद्ध. २९ जुलैच्या रात्री कैसरची तार वाचून झार निकोलस यांनी सार्वत्रिक जमवाजमवीचा हुकूम मागे घेतला; दुसऱ्या दिवशी दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह यांच्या आग्रहाखातर त्यांनी तो पुन्हा दिला. १ ऑगस्टला ब्रिटन तटस्थ राहण्याची आशा लंडनहून आलेल्या तारेने दाखवताच कैसर यांनी सेनाप्रमुख मोल्टके यांना सारे सैन्य पूर्वेकडे वळवण्यास सांगितले. लाखोंचे सैन्य असे ऐनवेळी वळवता येत नाही, असे मोल्टके यांनी उत्तर दिले. रात्री उशिरा तो गैरसमज असल्याचा खुलासा झाला, कैसर यांनी मोल्टके यांना मोकळीक दिली, आणि २ ऑगस्टला जर्मन सैन्याने लक्झेंबर्ग व्यापले.