नांदी झाली, भरतवाक्य राहिले

श्रोतेहो, नमस्कार.

दूरचित्रवाणीवरची एखादी गाजलेली मालिका संपत आली आणि तिच्याच विश्वातून दुसरी मालिका उभी करायची असली, की निर्माते पुष्कळदा आधी एक स्वतंत्र चित्रपट करतात. असा चित्रपट लिहिणे फार अवघड असते. जुन्या प्रेक्षकांना ओळखीची माणसे भेटायला हवीत, नव्या मालिकेतील माणसांची ओळख व्हायला हवी, आणि एवढे करून त्या दीड तासाची गोष्ट स्वतःच्या बळावर उभी राहायला हवी. सांगलीच्या श्रोत्यांना हे वेगळे सांगायला नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने मराठी रंगभूमीचा पहिला प्रयोग याच गावात केला, तेव्हा मूळ आख्यानाआधी सूत्रधार, गणपती आणि सरस्वती रंगमंचावर येत असत. त्या प्रारंभामुळे प्रेक्षक पुढच्या कथेसाठी तयार होई. मी आज ज्या चित्रपटाविषयी बोलणार आहे, त्याने हे काम उत्तम केले; पण त्यामागून आलेल्या नाटकाला भरतवाक्यापर्यंत पोहोचताच आले नाही.

हा चित्रपट म्हणजे ३ जानेवारी १९९९ रोजी अमेरिकेतील टीएनटी वाहिनीने दाखवलेला 'अ कॉल टू आर्म्स'. तो 'बॅबिलॉन ५' या विज्ञानकथा-मालिकेच्या विश्वात घडतो. जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी या मालिकेची आखणी पाच वर्षे चालणाऱ्या एका सलग कादंबरीसारखी केली होती, आणि ११० भागांपैकी ९२ भाग त्यांनी स्वतः लिहिले. आज मालिकांमधून एकच कथा वर्षानुवर्षे चालवण्याची आपल्याला सवय झाली आहे. त्या काळात मात्र अवकाशातल्या मालिकेचा प्रत्येक भाग बहुधा स्वतंत्र असे. म्हणून नोव्हेंबर १९९८ मध्ये मालिकेचा शेवटचा भाग दाखवला गेला, तेव्हा तो खरोखर एका मोठ्या कथेचा शेवट होता. त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांत त्याच विश्वात नवी कथा सुरू करणे हे धाडसच म्हणावे लागेल.

कथा २२६६ सालातली आहे. शॅडो नावाच्या प्राचीन शक्तीशी झालेले युद्ध संपून काही वर्षे लोटली आहेत आणि मूळ मालिकेचा नायक जॉन शेरिडन आता अनेक ग्रहांच्या संघाचा अध्यक्ष आहे. गेलन हा तंत्रमांत्रिक, म्हणजे तंत्रज्ञानाच्या बळावर जादू करणारा, त्याला स्वप्नांतून सावध करतो, की शॅडोंचे जुने सेवक, ड्राख, ग्रहच्या ग्रह नष्ट करणारे आपल्या धन्यांचे एक यंत्र घेऊन पृथ्वीकडे निघाले आहेत. त्यांना अडवायला एक्स्कॅलिबर आणि व्हिक्टरी ही दोनच नवी, पुरती चाचणीही न झालेली जहाजे हाताशी आहेत. या जहाजांवरच्या मुख्य तोफेची कल्पना मला फार आवडते. ती एकदा डागली, की जहाजाची सगळी शक्ती खर्च होते आणि पुढचा एक मिनिट ते निराधार होऊन तरंगत राहते. शस्त्र जितके भयंकर, तितकाच ते वापरणारा त्या मिनिटापुरता असहाय, हे त्या एका तांत्रिक तपशिलातून कथेत मुरते, आणि लढाईतल्या प्रत्येक निर्णयाला त्यामुळे वजन येते. अखेरीस व्हिक्टरीचा बळी जातो, ते यंत्र नष्ट होते, पृथ्वी वाचते.

आणि इथेच या चित्रपटाने मला जिंकले. माघार घेण्यापूर्वी ड्राख पृथ्वीच्या वातावरणात एक रोग सोडतात. त्याचे विषाणू मुळात दुसऱ्याच जीवसृष्टीसाठी घडवलेले असल्यामुळे त्यांना पृथ्वीवरच्या जीवांशी जुळवून घ्यायला सुमारे पाच वर्षे लागतील आणि त्यानंतर सगळे मरतील. पृथ्वीचा बाहेरच्या जगाशी असलेला संपर्क तोडावा लागतो. उरलेले एक्स्कॅलिबर इलाज शोधण्यासाठी ताऱ्यांमध्ये निघते. जुन्या युद्धाचेच पाप नव्या कथेच्या मुळाशी आहे. नव्या मालिकेसाठी एखादा उपरा शत्रू आणून बसवलेला नाही. पुढे काय होणार, हा प्रश्न चित्रपट संपताना आपोआप मनात उभा राहतो.

आपल्या भागातल्या श्रोत्यांना ही कल्पना परकी वाटू नये. सातारा जिल्ह्यातील नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना स्वतः त्या रोगाला बळी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या शरीरावर टोचून घेतली होती. ती तयार करायला त्यांना काही महिनेच लागले होते. साथीच्या काळात इलाज शोधणारा आणि रुग्णाच्या उशाशी बसणारा अशी दोन्ही माणसे लागतात. मला खात्री आहे, की 'क्रुसेड' ही पुढची मालिका पुरी झाली असती, तर तिच्यात या दोघांनाही जागा मिळाली असती.

एक उणीव मात्र सांगायलाच हवी. 'क्रुसेड'चा नायक कॅप्टन मॅथ्यू गिडियन या चित्रपटात एकदाही दिसत नाही. गेलन आणि ड्युरिना नाफील ही चोर स्त्री या दोघांखेरीज नव्या जहाजावरचे जवळजवळ कोणीच इथे भेटत नाही. त्यामुळे प्रेक्षकाचे मन जुन्या शेरिडनपाशीच घोटाळत राहते. मूळ मालिकेचे संगीतकार ख्रिस्तोफर फ्रँके यांच्या जागी एव्हान चेन यांचे संगीत आले, तोही बदल अनेक चाहत्यांना रुचला नाही. मला मात्र ते कोरडे, काहीसे विस्कळीत सूर त्या कथेला शोभून दिसतात, कारण ओळखीचे जग हातातून निसटल्याची जाणीव तेच करून देतात.

'क्रुसेड'चे पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. वाहिनी आणि निर्माते यांचे मतभेद वाढले, मालिकेतल्या पात्रांचे गणवेश मध्येच बदलले गेले, आणि प्रेक्षकांना पहिला म्हणून दाखवलेला भाग प्रत्यक्षात नंतर चित्रित केलेला होता. जून १९९९ मध्ये प्रक्षेपण सुरू होण्यापूर्वीच चित्रीकरण थांबले होते. अवघे तेरा भाग तयार झाले. इलाज सापडला की नाही, हे त्या भागांत सांगायचे राहूनच गेले. २००२ मध्ये त्याच विश्वात आणखी एका चित्रपटातून नवी मालिका सुरू करण्याचा प्रयत्न झाला, तोही त्या एका चित्रपटावरच थांबला.

तरीही हे तेरा भाग अवश्य पाहावेत असे मी आग्रहाने सांगेन. आधी 'बॅबिलॉन ५'ची पाचही वर्षे पाहावीत, मग हा चित्रपट, आणि त्यानंतर 'क्रुसेड'. भागांचा क्रम कोणता धरावा यावर चाहत्यांमध्ये अजून एकमत नाही, पण पहिल्यांदा पाहणाऱ्याने त्यात अडकू नये. गॅरी कोल यांचा गिडियन, डॅनियल डे किम यांनी साकारलेला दुसऱ्याच्या मनातले जाणणारा, परचित्तज्ञ अधिकारी मॅथेसन आणि पीटर वुडवर्ड यांचा गेलन ही माणसे कोणत्याही क्रमाने भेटली तरी मनात घर करतात, आणि कथा अपुरी आहे हे आधीच माहीत असूनही प्रत्येक भागानंतर पुढचा भाग पाहावासा वाटतो.

नमस्कार.