गुजरीतली भाजी आणि पाकिटातली भाजी

नमस्कार, श्रोतेहो.

तालुक्याच्या गुजरीत, म्हणजे भाजीबाजारात, संध्याकाळी फेरी मारली, की पोत्यावर मांडलेली वांगी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या आणि बरबटीच्या म्हणजे चवळीच्या शेंगा दिसतात. अलीकडे एखाद्या दुकानात ‘सेंद्रिय’ असे छापलेल्या पाकिटांतला पालकही दिसू लागला आहे, आणि त्याचा भाव अर्थातच चढा असतो. यांतले घ्यावे कोणते, असे मला पुष्कळ जण विचारतात. भाजी किती दुरून आली हे एक आणि ती कशी पिकवली हे दुसरे. पहिले कळले म्हणून दुसरे कळत नाही, त्यामुळे एका शब्दात उत्तर देणे मला जमत नाही.

पालेभाजी तोडल्या क्षणापासून तिच्यातले पाणी उडू लागते आणि क जीवनसत्त्व घटत जाते. आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात तर सकाळची जुडी दुपारी मान टाकते. मी स्वतः एकदा शहरातून असे पाकीट आणले. घरी उघडले तेव्हा पालक पिवळा पडून त्याला वास सुटला होता. तो सेंद्रिय असेलही, पण भाजी म्हणून त्यात काही उरले नव्हते.

पाकिटावरच्या शब्दापेक्षा चिन्ह पाहावे. 2017 च्या नियमांप्रमाणे प्रमाणित सेंद्रिय मालावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह असते. त्यामागे एकतर बाहेरच्या संस्थेची तपासणी असते, किंवा शेतकऱ्यांचा गट एकमेकांची वावरे तपासतो, ज्याला सहभागी हमी पद्धत म्हणतात. रासायनिक खते आणि औषधे सोडल्यावर हंगामी पिकांची जमीन सेंद्रिय ठरायला साधारण 2 वर्षे जावी लागतात. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असे मात्र नव्हे. निंबोळी अर्क आणि दशपर्णी अर्क तिथेही फवारले जातात. अर्धवट कुजलेले शेणखत घातलेली पालेभाजी सेंद्रिय असली, तरी नीट धुतल्याशिवाय खाऊ नये.

आता गावच्या भाजीकडे वळतो, कारण तिच्याबाबत आपण फार भाबडे असतो. वांग्याचा तोडा दर चार-पाच दिवसांनी निघतो. शेंडे आणि फळे पोखरणारी अळी लागली आणि एखादे किडके वांगे वर दिसले, की गिऱ्हाईक अख्खा ढीग सोडून पुढे जाते; म्हणून कास्तकार दोन तोड्यांच्या मध्ये फवारा मारतो. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये, हे औषधाच्या पत्रकावर छापलेले असते. पण ते दिवस तोड्याच्या अंतराहून जास्त असले, तर बाजाराचा दिवस पत्रकाला जुमानत नाही. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात भिनते आणि वरून कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाही. हे वांगे दोन किलोमीटरवरून आलेले असते. यात कास्तकाराला एकट्याला दोष देणे मला पटत नाही, कारण चकचकीत वांगे आपणच निवडतो.

कपाशीच्या वावरात बरबटी आणि अंबाडी टोबण्याची आपली जुनी रीत आहे. कपाशीवर मारलेला फवारा त्या शेंगांवर आणि पानांवरही बसतो. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरायला 2005 पासून मनाई होती, पण औषधाच्या धुक्याला कपाशीचे तास कोणते आणि भाजीची ओळ कोणती, हे ओळखता येत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. भाजीच्या चर्चेत आपण नेहमी खाणाऱ्याचीच काळजी करतो. पंप पाठीवर घेणाऱ्याच्या अंगावर ते औषध आपल्या कितीतरी आधी पडते.

माझ्यापुरता मी असा निवाडा केला आहे. पालेभाज्या आणि वांगी-भेंडी मी जवळचीच घेतो, पण विचारून घेतो. ‘औषध मारता का?’ असे विचारले, तर समोरचा ‘नाही’ म्हणणारच. ‘तोडा कधीचा, आणि शेवटचा फवारा कोणत्या वारी मारला?’ असे विचारले, की खरे बोलणारा वार सांगतो. पावसाळ्यात घोळ, तरोटा, कुंजर या रानभाज्या मिळतात. मात्र तणनाशक मारलेल्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, खुडू नयेत. सेंद्रियसाठी जादा पैसे मोजायचेच, तर ते हळद, तिखट, गूळ आणि डाळ यांवर मोजतो, कारण या वस्तू लांबून आल्याने शिळ्या होत नाहीत. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. पण ती गावाची खूण आहे, पिकवण्याच्या पद्धतीची नव्हे, म्हणून तिथेही प्रमाणपत्र वेगळे पाहावे लागते.

सहभागी हमी पद्धतीत पाच कास्तकार एकत्र आले, तरी गट नोंदवता येतो. आमच्या गुजरीत भाजीवाल्यांचा असा गट अजून झालेला नाही. तोवर मी वांगी एकाच बाईंकडून घेतो. एका शुक्रवारी त्यांच्या पोत्यावर नुसता सांबार आणि मिरच्या होत्या. वांगी कुठे, म्हणून विचारले, तर त्या म्हणाल्या, “मंगळवारी फवारा मारला ना भाऊ, या बाजाराला तोडलीच नाहीत.”